धुमकेतूचा ‘तथापि’

ज्याबद्दल आमच्या साडूंचं मत नाही अशी वस्तू अजून जगात बनलेली नाही, आणि उद्या कुणी बनवायला घेतलीच, तर तिच्याबद्दलचं मत त्यांच्याकडे आजच तयार आहे. तेही साधंसुधं नव्हे. चांगलं ठणठणीत, पुराव्यानिशी, आणि समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरेपर्यंत चालणारं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. छावणी भागात राहतात. एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळून आता निवृत्त झालेत, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेत, मतांतून नाही. माणसाला साडू निवडता येत नाही हो. मुलगी बघायला गेलो तेव्हा मला कुणी सांगितलं असतं की हिच्यामागून हे पण येणार आहेत, तरी मी हिलाच होकार दिला असता. फक्त जन्मात कधी कॉम्प्युटर घेतला नसता.

कारण आपल्या घरी कॉम्प्युटर आहे हे साडूंना कळायचा अवकाश, रविवारी सकाळी ते दारात हजर. लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, हे पेन ड्राइव्ह ठेवतात. “साडूभाऊ, तुम्ही गुलाम आहात,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी बायकोकडे पाहिलं. ते म्हणाले, “तिचे नाही हो, कंपनीचे. सरका. पाच मिनिटांत स्वतंत्र करतो.” आणि पाच मिनिटांत म्हणता म्हणता दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी माझ्या कॉम्प्युटरमधलं होतं नव्हतं ते पुसून आपली ती फुकटवाली, जगाच्या मालकीची सिस्टीम घातली. त्या दिवसापासून आमच्या प्रिंटरनं एक कागद छापलेला नाही. तक्रार केली तर म्हणतात, “गुलाम होता म्हणून छापत होता. आता तो पण स्वतंत्र झालाय.”

माऊस या प्राण्यावर त्यांचा विशेष राग. त्यांच्या मते खरा माणूस हुकूम लिहितो आणि आळशी माणूस बोट दाखवतो. घरातला माऊस ते ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि फक्त पाहुण्यांना काढून देतात. मग काचेवर बोट फिरवायच्या मोबाइलबद्दल त्यांचं काय म्हणणं असेल ते तुम्हीच ताडा. स्वतः बटणांचा फोन वापरतात, आणि रिक्षात शेजारी बसलेला कुणी मोबाइलवर बोट सरकवायला लागला की त्याला विचारतात, “काच पुसून झाली का?” मुलीसाठी स्थळं बघत होते तेव्हाची गोष्ट. औरंगपुऱ्यातल्या एका चांगल्या घरचा मुलगा आला होता. मुलगा देखणा, पगार चांगला, माणसं सरळ. पोहे खाऊन झाले आणि साडूंनी त्याला एकच प्रश्न विचारला, कॉम्प्युटरवर कुठली सिस्टीम वापरता? मुलानं बिचाऱ्यानं खरं उत्तर दिलं, सगळे वापरतात तीच, कंपनीची. पाहुणे गेल्यावर साडू म्हणाले, “मुलगा चांगला आहे, पण खिडक्यांतून बाहेर आलेला नाही.” ताई, म्हणजे माझी मेहुणी, त्या दिवशी इतकी भडकली की कॉम्प्युटरचीच वायर काढून माळ्यावर टाकली. पुढं त्याच मुलाशी लग्न झालं, ही गोष्ट वेगळी. साखरपुड्यात साडूंनी त्याला अंगठीबरोबर पेन ड्राइव्ह दिला.

त्यांच्या घरच्या वायफायचा पासवर्ड तर सांगायलाच नको. त्यात संस्कृत आहे, उलटं लिहिलेलं इंग्रजी आहे, मधेच डॉलर, मधेच उद्गारचिन्हं. पाहुण्यांना तो हप्त्याहप्त्यानं मिळतो. ताई तो आरतीच्या चालीवर म्हणून दाखवते, आणि आमचे एक मामा त्यासाठी दोन दिवस मुक्काम वाढवून राहिले होते. तसाच त्यांचा दुसरा मंत्र म्हणजे “बंद करून चालू करा.” फ्रिज बिघडला, बंद करून चालू करा. क्रांती चौकात रिक्षा अडकली, बंद करून चालू करा. ताईचं आणि तिच्या जावेचं वाजलं तेव्हाही त्यांनी हाच सल्ला दिला, की दोघींनी आठ दिवस बोलणं साफ बंद ठेवा आणि मग नव्यानं चालू करा. बंद झालं ते अगदी व्यवस्थित. चालू व्हायला दोन दिवाळ्या लागल्या.

विज्ञानकथा हा त्यांचा जीव की प्राण. मात्र त्यांच्याबरोबर असला पिक्चर बघायला जाण्याची चूक मी एकदाच केली. जालना रोडच्या मॉलमध्ये आम्ही बसलो होतो. पडद्यावर अवकाशात दोन यानं एकमेकांवर आदळली, धडाम्! आणि साडू अंधारात उभे राहिले. “आवाज कुठून आला?” मागून एक पोरगा ओरडला, “ओ चाचा, पिच्चर देखने देते क्या नै?” साडू वळले आणि आपल्या लहानपणच्या गल्लीतल्या भाषेत म्हणाले, “मियाँ, ऊपर हवाच नै, तो आवाज कायसे आरा?” पोरगा शेजारच्याला म्हणाला, “हौ ना यार, चाचा सही बोलरे.” झालं! मागच्या तीन रांगांत पिक्चर सोडून हवेवर चर्चा सुरू झाली आणि बॅटरीवाला येऊन आम्हाला बाहेर घेऊन गेला. साडू सबंध रस्ताभर खूश. म्हणे, “तिकिटाचे पैसे वसूल.”

आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. साडूंनी ते शोधायचा विडा उचलला. मागच्या कितीतरी पाण्यांचे वार, वेळा, उन्हाळा-पावसाळा, सगळं कॉम्प्युटरला भरवून त्यांनी एक भाकीत करणारी बुद्धी तयार केली. तिनं छातीठोकपणे गुरुवार सांगितला. बुधवारी दुपारी साडू ताईला त्यामागचं गणित समजावून सांगत होते, तेवढ्यात शेजारणीच्या बादलीचा आवाज आला आणि ताई ताडकन उठून मोटर लावायला धावली. तेव्हापासून कुठल्या ग्रहावर पाण्याच्या खुणा सापडल्या अशी बातमी साडू वाचायला लागले, की ताई स्वयंपाकघरातून म्हणते, “त्यांना विचारा, तिथं किती दिवसांआड येतं.”

आता मुख्य गोष्टीकडे येतो. फोनच्या तारेतून इंटरनेट किरकिरत यायचं त्या काळात साडूंनी मराठीत एक चर्चेची जागा काढली, ‘परग्रहाची चावडी’. कुणीही यावं, टोपणनाव घ्यावं आणि विज्ञानकथा, यंत्रं, तारे, पुढं येणारं जग यांवर वाद घालावा. साडूंचं तिथलं नाव ‘गुरुत्वाकर्षण’. ताईनं ते फार मनावर घेतलं. “अहो गुरुत्वाकर्षण, पंखा पुसायचाय, जरा वर चढा,” असं ती आजही म्हणते. चावडी एकेकाळी गजबजलेली होती. नांदेड, लातूर, परभणी, एक जण तर थेट अमेरिकेतून भांडायला यायचा. मग मोबाइल आले, ग्रुप आले, आणि एकेक शास्त्रज्ञ सुप्रभाताच्या गुलाबांखाली गाडला गेला. शेवटी चावडीवर उरले दोघं. एक गुरुत्वाकर्षण आणि दुसरा धुमकेतू.

हा धुमकेतू म्हणजे साडूंचा हाडवैरी. मुळात त्याच्या नावातच चूक. धूमकेतूचा धू दीर्घ, यानं ऱ्हस्व काढलेला. “ज्याला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तो मला प्रकाशाचा वेग शिकवतो!” असं म्हणत साडू रोज सकाळी कॉम्प्युटरपुढं बसायचे, आणि तेवढ्यासाठीच बसायचे. धुमकेतू लिहायचा अगदी बोलल्यासारखं, ‘पानी’, ‘कोन’, ‘लई’, ‘व्हय’, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. एकदा साडूंनी कालयंत्रावर मोठा लेख टाकला होता. देवगिरीला वेढा पडला आणि धान्याची म्हणून गडावर चढवलेली पोती ऐनवेळी मिठाची निघाली, ही आपल्याकडची जुनी गोष्ट. तर कालयंत्रानं मागं जाऊन ती पोती बदलली, तर इतिहास कुठल्या कुठं जाईल, असा त्यांचा चांगला तीन पानी सिद्धान्त. खाली धुमकेतूचं उत्तर आलं: ‘कालयंत्र कशाला पायजे येड्या पोती उतरून घेनारा स्टोअरकिपर बदला’. साडू दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “बोलला बरोबर हो, मेला.”

दोघांचं कायमचं भांडण एकच. यंत्राला कधी माणूस होता येईल का? साडू म्हणायचे, नाही, त्रिवार नाही. धुमकेतू म्हणायचा, ‘व्हईल की मानसं यंत्र झालीच ना’. कोण, कुठला, वय काय, कशाचा पत्ता नाही. चिकलठाण्याला विमानतळाजवळ कुठंतरी राहतो आणि गच्चीवरून विमानाचं पोट दिसतं, एवढंच काय ते त्यानं कधीतरी लिहिलेलं. भेटायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वैऱ्याला कुणी जेवायला बोलावतं का?

आणि मागच्या वर्षी एके दिवशी धुमकेतू मध्येच गप्प झाला. साडू नुसते घरभर फिरत होते. ताई म्हणाली, यापेक्षा सवत तरी बरी. काही आठवड्यांनी तो परत आला, आणि त्याचं उत्तर वाचून साडू थेट माझ्या घरी आले. कागदावर उतरवून आणलं होतं. ‘आपला मुद्दा रास्त आहे. तथापि, यंत्राच्या आकलनाविषयी आपण काढलेला निष्कर्ष घाईचा वाटतो.’

“बघा,” साडू म्हणाले.

“काय बघू? चांगलं लिहिलंय.”

“तेच तर! स्वल्पविराम बघा. आकलन बघा. आणि हे, हे बघा, तथापि! अहो, जो माणूस ‘पाणी’ धड लिहीत नव्हता तो तथापि म्हणतोय! साडूभाऊ, हा धुमकेतू नाही. धुमकेतूच्या नावानं यंत्र बोलतंय. हल्ली ही उत्तरं लिहिणारी यंत्रं आलीत ना, त्यातलं एक कुणीतरी चावडीवर सोडलंय.”

मग सुरू झाल्या परीक्षा. साडूंनी चावडीवर प्रश्न टाकला, नळाला पाणी आलं की आधी काय करावं? उत्तर आलं, ‘सर्वप्रथम पिण्याचे पाणी भरून घ्यावे.’ साडू टाळी वाजवून म्हणाले, “सापडलं! आपल्या गावचा माणूस आधी मोटर लावतो!” दुसऱ्या दिवशी त्यांनी खास गल्लीतल्या दख्खनीत डिवचून पाहिलं, “क्या मियाँ, भेजा गिरवी रखे क्या?” खरा धुमकेतू असता तर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. उत्तर आलं, ‘आपल्या भाषेतील गोडवा भावला. तथापि, मूळ मुद्द्याकडे वळू या.’ साडूंचा चेहरा एवढुसा झाला.

मी आपलं समजुतीनं म्हणालो, “असेना का यंत्र. तुम्हाला वाद घालायला मिळतोय ना?”

त्यांनी खिशातला पेन ड्राइव्ह काढला, परत ठेवला. मग हळूच म्हणाले, “अहो, तसं असेल तर चावडीवर मी एकटाच उरलो ना. इतके दिवस मी भिंतीशी भांडत होतो असं होईल. तो यंत्र निघाला तर मी चावडी बंद करणार. बंद म्हणजे बंद.” हे ऐकून मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

शेवटी त्यांनी चावडीवर जाहीर आव्हान दिलं: माणूस असाल तर पत्ता द्या. तासाभरात पत्ता आला. ‘अवश्य यावे. तथापि, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.’ साडू म्हणाले, “ही यंत्रं बिनदिक्कत खोटं सांगतात. तिथं बघा, एकतर मोकळा प्लॉट असेल नाहीतर विमानतळाची भिंत.” पण सदरा इस्त्रीचा घातला होता. माझ्या स्कूटरवर मागं बसून छावणीपासून चिकलठाण्यापर्यंत मला यंत्र आणि माणूस यांतले फरक सांगत होते आणि प्रत्येक गतिरोधकाला माझ्या खांद्यात बोटं रुतवत होते. गल्लीच्या तोंडाशी टपरीवर त्यांनी विचारलं, “इथं धुमकेतू कुठं राहतात?” टपरीवाला म्हणाला, “धुमकेतू? कोन्त्या पक्षाचे?”

पत्ता मात्र खरा निघाला. छोटं दुमजली घर, दारात तुळस. एका शिक्षिकेसारख्या दिसणाऱ्या बाईंनी दार उघडलं, आणि त्या खरोखरच शाळेत मराठी शिकवत होत्या. ओसरीत खुर्चीवर एक उंच, रापलेले म्हातारे गृहस्थ बसले होते. इथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होते, असं नंतर कळलं. उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवलेला म्हणजे नुसता पडलेला, तोंडही त्या बाजूला थोडं ओघळलेलं. आम्हाला पाहून त्यांनी डावा हात उचलला आणि काहीतरी बोलले. मला एक अक्षर कळलं नाही.

“मामा म्हणतात, या, बसा,” बाई म्हणाल्या. त्या त्यांच्या सूनबाई. “मध्यंतरी झटका आला. हात गेला, बोलणंही असं झालं, मला तेवढं समजतं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिलं काय मागितलं असेल तर ही तुमची चावडी. मामा सांगतात, मी लिहिते.”

साडू आ वासून उभे होते. “म्हणजे ते स्वल्पविराम...”

“माझे. सवय हो, वह्या तपासून तपासून. त्यांचं नाव पण शुद्ध करणार होते मी, पण तुमच्या चावडीत ते बदलता येत नाही.”

“आणि तथापि?”

सूनबाई एकदम लाजल्या. सासऱ्यांकडे पाहिलं, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “काका, रागावू नका. मामा तुम्हाला फार शिव्या देतात हो. घरात लेकरं असतात, मला ते कसं लिहवेल? मग जिथं जिथं मामा शिवी घालतात, तिथं तिथं मी ‘तथापि’ लिहिते.”

मी साडूंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस चपला घालून निघतो. पण त्यांचा चेहरा बघता बघता असा उजळला की मुलीच्या लग्नातही मी तसा पाहिला नव्हता. “म्हणजे... म्हणजे ते सगळे तथापि...” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “आणि परवाच्या त्या उत्तरात तर ओळीओळीला होते!”

“त्यातले दोन मी गाळलेत,” सूनबाई म्हणाल्या. “वाक्य बसेना.”

खुर्चीतला म्हातारा गदगदून हसत होता. साडू त्यांच्यासमोर खुर्ची ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसले. इतकी वर्षं भांडलेली ही दोन माणसं पहिल्यांदाच एकमेकांकडे बघत होती. वरून विमान गेलं, दोघांनी माना वर केल्या, विमान गेल्यावर खाली केल्या. मग धुमकेतू काहीतरी पुटपुटले.

“मामा म्हणतात, आपण आल्याचा आनंद...” सूनबाई सांगायला लागल्या.

“नाही नाही नाही,” साडू म्हणाले. “सूनबाई, तुम्हाला हात जोडतो. जसंच्या तसं सांगा.”

“अहो काका...”

“जसंच्या तसं!”

सूनबाईंनी आत लेकरं नाहीत ना हे वाकून पाहिलं आणि डोळे मिटून, शाळेत कविता म्हणावी तशा स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “ये येडं बेनं, मला मशीन म्हंतो व्हय? मशीनला तुझी बडबड सोसली असती का?”

आणि साडू हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी थांबेनात. “माणूस आहे हो,” मला सांगत होते, “साडूभाऊ, माणूस आहे!” जसं काही मीच ते नाकारत होतो. त्यानंतर चहा झाला, भजी झाली, पुन्हा चहा झाला, आणि यंत्राला माणूस होता येतं का यावर असं काही भांडण पेटलं की शेजारचे डोकावून गेले. सूनबाई मधे बसून शिव्या इकडून तिकडे नेत होत्या.

आता चावडीवर काही हालचाल नाही. कुणी चुकून आलंच तर त्याला वाटेल की जागा ओस पडली. कारण दोघं भांडणारे दर रविवारी चिकलठाण्याला समोरासमोर बसतात. साडूंना आता सूनबाईंशिवायही पुष्कळ समजतं. शिव्या तर सगळ्याच समजतात, त्याचा त्यांना फार अभिमान आहे. मध्ये एका रविवारी मीही गेलो होतो. साडू नेहमीसारखे हातवारे करत काहीतरी सिद्ध करत होते. अर्ध्यावर धुमकेतूंचे डोळे मिटले. ऐकता ऐकता झोप लागली त्यांना. हल्ली लागते, सूनबाई म्हणाल्या, लवकर थकतात आताशा. साडूंनी वाक्य तोंडातल्या तोंडात ठेवलं. मला वाटलं, निघू या म्हणतील. पण ते तसेच बसून राहिले, आवाज न करता, म्हातारा जागा होऊन उरलेलं भांडण पुरं करेल म्हणून. त्यांची झोप काही मोडली नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा साडूंनी त्यांचा तो उजवा हात मांडीवरून घसरत होता तो नीट उचलून ठेवला आणि आम्ही निघालो.

जालना रोडला सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मागून आवाज आला. “साडूभाऊ, एक सांगू? तो यंत्र निघाला असता तर बरं झालं असतं.”

मी चमकून म्हणालो, “तुम्ही म्हणता हे? तुम्ही?”

“यंत्र असता,” साडू म्हणाले, “तर मी रोज त्याचा बॅकअप घेतला असता.”

सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, आणि मी बंद केलेली स्कूटर चालू केली.